बेसचा डबा

बेस गिटार ऐकू आली नाही तर लोक स्पीकरला दोष देत नाहीत, वायरला देत नाहीत, पत्र्याच्या छपराखाली ड्रम बडवणाऱ्यालाही देत नाहीत. वाजवणाऱ्याला देतात. आणि वाजवणारी मुलगी असली तर विचारायलाच नको, तिची बोटंच बारीक निघतात. यंदा दिवाळीच्या आधी लाखनीच्या गोदामात माझ्या बोटांबद्दल जेवढं बोललं गेलं, तेवढं भंडाऱ्यात माझ्या लग्नाबद्दलही कुणी बोललं नसेल. आणि आमच्या गल्लीत त्या विषयावर कुणी हात आखडता घेत नाही.

मी हर्षा. आमचं घर विणकरांच्या गल्लीत. बाबा, म्हणजे बाबूलाल, अर्ध्याहून जास्त आयुष्य हातमागावर बसले. गुडघे गेले तेव्हा त्यांनी माग विकला आणि मागाची खोली रिकामी झाली. ती मी घेतली. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या, टेबलावर कॉम्प्युटर आणला, माईक आणला. नाटकांच्या जाहिराती, लग्नाची गाणी, सेल लागला की गावभर फिरणाऱ्या ऑटोतल्या घोषणा, हे सगळं मी तिथे रेकॉर्ड करते आणि त्यावर माझं बरं चालतं. बेस सरळ कॉम्प्युटरला जोडते, हेडफोन लावते, घरात कुणाला कळतही नाही.

अडचण बँडची होती. बँड म्हणजे आम्ही तिघं. अंकुर गातो आणि गिटार वाजवतो, मंगेश ड्रम वाजवतो, बेस माझी. धानाच्या रोवण्याच्या वेळी बाया म्हणतात ती गाणी आम्ही आमच्या पद्धतीनं, दणक्यात वाजवतो. जागा लाखनीला, मंगेशच्या काकांचं हायवेलगतचं तांदळाचं गोदाम. बाहेरून ट्रक जात असतात, त्यामुळे आमच्या आवाजाची तक्रार कोण करणार? तिथे मंगेशचा कीबोर्डचा एक म्हातारा अॅम्प होता, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, त्यात मी बेस घालायचे. पोळ्याच्या सुमारास त्यानं धूर काढला आणि डोळे मिटले.

"आता तुहा डबा घेऊन ये," अंकुर म्हणाला. "मंडईच्या पहिले पाहिजे. नाही तं बेसचं काही खरं नाही."

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. जत्राच ती, पाहुणे येतात, नाटकं होतात, गाणी होतात. शहापूरच्या मंडईत यंदा आम्हाला बोलावणं होतं. खरा स्टेज, खरी गर्दी. एवढी वर्षं ज्याच्यासाठी एसटीनं लाखनीला हेलपाटे घातले ते समोर आलं होतं, आणि त्या स्टेजवर मला उभं राहायचं होतं. दुसरं काही मागत नव्हते मी.

मग मी अभ्यास केला. मला एकाच अॅम्पकडून दोन कामं हवी होती. घरी हळू आवाजात वाजवता यावं, रेकॉर्डिंगसाठी त्यातून सरळ वायर काढता यावी. आणि गोदामात मंगेशच्या ड्रमपुढे तो उभा राहावा. पुष्कळ व्हिडिओ पाहिले, लोकांना विचारलं आणि ठरवलं. हेड, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, वेगळं, स्पीकरचं कॅबिनेट वेगळं. हेड एवढंसं, टेबलावर मावणारं. घरी नुसतं हेड आणि हेडफोन, गोदामात जाताना सोबत मोठं कॅबिनेट. बेसचा खालचा सूर हलवायचा तर ताकद लागते आणि मोठा स्पीकर लागतो, यात काही गुपित नाही. एवढं पक्कं ठरवून मी नागपूरला दुकानात गेले. चूक एकच केली, संजीवदादाला सोबत नेलं. गाडी त्याची होती.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मग दादाशी बोलायला लागला.

"ताईले घरी वाजवायले पाहिजे ना भाऊ? मंग हा घ्या. छोटा हाय, दिसाले चांगला, ब्लूटूथबी हाय."

"मले ड्रमसोबत वाजवायचं हाय," मी म्हणाले. "तो वरचा दाखवा. हेड अन् कॅबिनेट."

"भाऊ, थो स्टेजवाल्याईचा हाय," तो दादालाच म्हणाला. "ताईले उचलनंबी होनार नाही."

दादा हसला. सख्खा भाऊ हसला. मी सहा वर्षं बेस वाजवते हे ज्याला माहीत आहे तो माणूस त्या दुकानात मला म्हणाला, "बरोबर म्हनून राहिले थे. पहिले छोट्यानं सुरुवात कर." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी शेवटी तो छोटाच गाडीत आला, कारण दुकानदार म्हणाला, घरी लावून पाहा, नाही पटला तर दिवाळीच्या आत परत आणा. दादाला एवढं पुरलं.

घरी आणला आणि खोलीच्या मधोमध ठेवला. तिथे मागाचा खड्डा आहे. हातमागावर बसणारा माणूस जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो, तिथून पावड्या दाबतो. माग गेला, खड्डा राहिला. बाबांनी त्यावर सागाच्या फळ्या टाकून दिल्या होत्या. खोलीत बाकी सगळीकडे वायरी पसरलेल्या, ती एकच सपाट मोकळी जागा होती. डबा तिथे ठेवला, बेस जोडली आणि सगळ्यात खालची तार सोडली.

स्वयंपाकघरातल्या मांडणीवर कपबशा नाचल्या. माझ्या पोटात हादरा गेला. शेजारच्या निर्मलाबाई दारात येऊन विचारू लागल्या की वरात कुठून चालली आहे. बाबा तर खूश झाले. पलंगावरून उठून आले आणि फळ्यांवर हात ठेवून म्हणाले, "अव, हा तं जमीन हालवून राहिला. यापरस मोठा घेऊन का घर पाडतं?"

दादानं माझ्याकडे असं पाहिलं, की झालं ना समाधान. आणि झालं होतं समाधान, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, व्हिडिओवाले उगाच घाबरवतात. डबा ठेवून घेतला.

पुढच्या रविवारी दुपारी तो घेऊन लाखनीला गेले. गोदामात अंकुर आणि मंगेश होतेच, शिवाय प्रफुल्ल होता. प्रफुल्ल धुमाल पार्टीत कीबोर्ड वाजवतो, ट्रकवर उभा राहून वरातीपुढे. हा कशाला आला म्हणून मी विचारलं नाही, आला असेल ऐकायला असं वाटलं. डबा सिमेंटवर ठेवला, बटणं लावली. मंगेशनं चारदा काड्या वाजवल्या आणि आम्ही सुरू केलं.

मी नव्हतेच. म्हणजे बोटं तारांवर होती, तारा हलत होत्या, पण ड्रम सुरू झाला आणि माझा आवाज कुठे गेला कळेना. आवाज वाढवला. आणखी वाढवला. शेवटी डब्यानं फरफर केली, फाटक्या कागदासारखी, आणि अंकुरनं हात वर करून सगळं थांबवलं.

"घरी तं भांडे पाडत होता म्हने."

"घरी मोठा वाटला," मी म्हणाले. "खरंच वाटला."

"डब्याचं काही नाही," मंगेश म्हणाला. ड्रमच्या मागे बसलेला माणूस नेहमी खात्रीनं बोलतो. "बोटात जोर नाही तुह्या. जरा जेवून येत जाय."

प्रफुल्ल सोडून सगळे हसले. मग अंकुरनं ते सांगितलं जे बहुतेक आधीच ठरलं होतं. "हर्षा, वाईट नको वाटून घेऊ. मंडईले बेस प्रफुल्ल सांभाळन, कीबोर्डच्या डाव्या हातानं. तू कोरसमंधी राह्य. तुहा आवाजबी चांगला हाय."

कोरसमध्ये. ज्या गाण्याची बेस मी बसवली, ज्याचा ठेका मंगेशला मी हाताला धरून शिकवला, त्यात मी मागे उभी राहून 'हो हो' म्हणायचं. तिथे रडले असते तर तेही माझ्या बोटांच्या खात्यात गेलं असतं. डबा उचलला आणि एसटी धरली.

घरी येऊन पुन्हा फळ्यांवर ठेवला आणि वाजवला. कपबशा नाचल्या. मी बोटांकडे पाहत बसले. ही तीच बोटं. दुपारी त्यांच्यात जोर नव्हता आणि संध्याकाळी आला? बरेच दिवस मी तशीच कुढत होते. एखाद्या वेळी वाटायचं की मंगेशचंच खरं असेल, चारचौघांत माझा हात दबत असेल. याचा राग मला अजून येतो. त्यांनी म्हटलं एवढ्यावरून मी स्वतःवर शंका घेतली.

मग दिवाळीची आवराआवर निघाली. आईनं, म्हणजे कुसुमताईनं, खोलीत येऊन सांगितलं, "डबा सरकव तुहा. खालचे पितळेचे गुंड काढाचे हायेत." मोठी भांडी ती खड्ड्यातच ठेवते. मी डबा उचलून दाराशी फरशीवर ठेवला, तिनं फळ्या काढल्या आणि आत उतरली. मी तोवर वाजवत राहिले, हात रिकामा कशाला ठेवायचा म्हणून.

आवाज मेला होता. गोदामात मेला होता अगदी तसाच.

मी आईला बाहेर यायला सांगितलं. फळ्या परत टाकल्या, डबा वर ठेवला. जमीन हलली. डबा उचलून फरशीवर ठेवला. काही नाही. पुन्हा फळ्यांवर, पुन्हा फरशीवर. खाली पोकळ खड्डा, वर सागाच्या लांब फळ्या, म्हणजे डब्याखाली एक भलाथोरला ढोलच होता. आवाज डब्याचा नव्हताच, खड्ड्याचा होता. आणि या गावात जमिनीत खड्डा असलेल्या खोलीत अॅम्प तपासून घेणारी अक्कलवान मी एकटीच असणार.

बाबांना सांगितलं तर त्यांनी खड्ड्याची बाजू घेतली. "माह्या मागाचा आवाज मोहल्लाभर जाये. उगाच नाही जात होता." ते बराच वेळ खूश होते.

मी मात्र फोन उचलला. अंकुरला सगळं समजावलं. माझ्या बोटांत काही कमी नाही, डबा लहान आहे, घरी खड्ड्यानं फसवलं, आता मोठा आणते. तो शांतपणे ऐकत होता, मग म्हणाला, "बरं बरं. खड्डा. ठीक हाय." मागून मंगेशचं हसणं ऐकू आलं. मग अंकुरच म्हणाला, "मोठा डबा आनतो म्हनतं तं आन. आयकून पाहू."

नागपूरला पुन्हा जायचं ठरलं तेव्हा दादा गाडीची किल्ली शोधायला लागला. आई म्हणाली, "तू राह्य. मी जातो हिच्यासंग." आई आजवर माझ्या वाजवण्याबद्दल जेवणाची वेळ झाली याच्यापलीकडे काही बोलली नव्हती. एसटीत खिडकीशी बसून मात्र ती आपणहून बोलली.

"जिंदगीभर मागासाठी सुताच्या कांड्या म्या भरल्या. सूत उकलनं, रंगाचा हिशेब, सारं मीच. पन गिऱ्हाईक आला का म्हने, बाबूलाल, लुगडं सुंदर बनवलं तू." मग बाहेर पाहत म्हणाली, "तुह्या बाबानंबी कधी म्हटलं नाही का ही बी होती म्हनून."

कंडक्टर आला आणि पायाशी ठेवलेल्या छोट्या डब्याकडे बघून त्याचं वेगळं तिकीट काढायला लागला.

दुकानदारानं आम्हाला ओळखलं. "भाऊ नाही आले का?" त्यानं आईला विचारलं.

"भाऊ वाजवत नाही," आई म्हणाली. "हे वाजवते. हिले विचारा का पाहिजे तं."

त्याला माझ्याशी बोलावं लागलं. मी वरचं हेड उतरवायला लावलं, दोन स्पीकरचं कॅबिनेट फरशीवर ठेवायला लावलं, भिंतीपासून दूर, खाली काही नको. मग दुकानातल्या ड्रमवर त्यांच्या माणसाला बसवलं आणि म्हटलं, जोरात वाजवा, आपटा. तो बिचारा दुकानदाराकडे बघत हळूहळू वाजवत होता. आईनं त्याला सांगितलं, "जोरात वाजव बाप्पा, आमच्याकडचा लय मारते." त्यानं मारलं. मी खालची तार सोडली आणि ती ड्रमच्या खालून सरळ वर आली, स्वच्छ, गोल. कुठे फरफर नाही. हेडफोन लावून पाहिला, कॉम्प्युटरसाठी वायर निघते ती जागा पाहिली. आणखी एक दुसऱ्या बनावटीचं लावायला लावलं, त्यात खालचा सूर चिखलासारखा वाटला, नको म्हटलं. आई सगळा वेळ स्टुलावर बसून होती. शेवटी मला म्हणाली, "पहिलावालाच. त्यात तू कोन्ती तार मारून राहिली थे समजत होतं." छोटा डबा परत घेताना दुकानदारानं तोंड वाकडं केलं. त्याला म्हटलं, दिवाळी अजून व्हायची आहे.

नवीन अॅम्प लाखनीला नेला तो ऑटोनं. सोबत कुणी नाही, मीच चढवला, मीच उतरवला, गोदामाच्या पायरीवरून मीच ओढत आत नेला. आत तिघं बसून बघत होते. प्रफुल्ल उठला होता हात लावायला, मी नको म्हटलं.

मंगेशनं काड्या वाजवल्या. मी वाजवलं.

कसं सांगू? पत्रे थरथरले. मंगेशचा पाय माझ्या सुरावर पडायला लागला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे, कारण पुढे काय येणार ते त्याला आता ऐकून कळत होतं. गाणं ज्या जागी नेहमी पातळ व्हायचं तिथे ते भरून आलं. मला इतका आनंद झाला की मी तो लपवलासुद्धा नाही, तोंड भरून हसत वाजवत होते.

अंकुर मध्येच वळला. "थोडा कमी कर ना. गानं दबून राहिलं."

ज्या माणसानं ऐकू येत नाही म्हणून मला कोरसमध्ये ढकललं, तो म्हणत होता कमी कर. तरी मी बटणाला हात लावला आणि थोडा कमी केला. गाणं संपलं.

"वा," मंगेश म्हणाला. "डब्यात दम हाय. संजीवची पसंद असन."

"माही पसंद हाय," मी म्हणाले. "अन् बोटं तेच हायेत."

"बरोबर," अंकुर म्हणाला. त्यानं कॅबिनेटवर हात ठेवला होता, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. "आता असं कर. हा डबा इथंच राहू दे. मंडईले प्रफुल्ल याच्यातून वाजवन. त्याच्या कीबोर्डले असाच डबा पाहिजे होता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अन् मी?"

"तुहं तं ठरलं ना. कोरस. पोस्टर छापून झालं, हर्षा. आता कुठं बदलतं? अन् शहापूरले गर्दी राह्यते, मानसाईची गर्दी. पोरगी बेस घेऊन उभी राहीन तं लोक गानं सोडून तुलेच पाहत बसन. तुह्यासाठीच म्हनून राहिलो."

म्हणजे बोटं नव्हतीच. डबाही नव्हता. आवाज कमी पडत होता तेव्हा आवाज कमी होता म्हणून नको, आता पुरून उरला तर लोक बघतील म्हणून नको. मी काय घेऊन आले असते म्हणजे चाललं असतं? हे मी विचारलं, याच शब्दांत. अंकुर म्हणाला, "रागावतं काहून?" मंगेश काडीनं मांडीवर ठेका धरून बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. आता तर त्याला ऐकू आलं होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

मी वायर काढली, गुंडाळली. अंकुर म्हणाला, "अव, डबा तं ठेव. बँडचंच काम हाय."

"डबा माहा हाय," मी म्हणाले. "मी आली तं थोबी येते, नाही तं नाही येत."

"मी नाही वाजवत हिच्या डब्यावर," प्रफुल्ल पहिल्यांदाच बोलला, पण फार हळू बोलला, आणि अंकुरनं त्याला गप्प बसवायला नुसती मान हलवली. मी कॅबिनेट ओढत बाहेर आणलं. हायवेवर पुष्कळ वेळ उभी होते. ट्रकवाले वाकून बघत होते. त्यांना काय, बघू देत.

घरी पोचले तेव्हा आई दाराशीच होती. तिनं ऑटोतून उतरणारं कॅबिनेट पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"काहून? नाही पसंद आला का त्याईले?"

"डबा पसंद आला, आई," मी म्हणाले. "मी नाही आली."

आणि मग मी रडले, भर गल्लीत, निर्मलाबाईंच्या देखत. आईनं जवळ घेतलं नाही, तिला ते जमत नाही. तिनं कॅबिनेटची एक बाजू धरली, दुसरी मला धरायला लावली. आम्ही ते उंबऱ्यावरून आत घेतलं आणि खोलीत ठेवलं. ती कंबरेवर हात ठेवून श्वास घेत उभी राहिली.

"डबा बराबर निवडला तू," ती म्हणाली. "आता मानसंबी तूच निवड."